मार्गदर्शकांचे मार्गदर्शक

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये देशपातळीवर सुरू झाली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न निवडायचा, नोंदी ठेवायच्या आणि निष्कर्ष मांडायचा. सोबत मार्गदर्शक शिक्षक असतो. त्या शिक्षकाला तयार करणारा साधनव्यक्ती मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाचा परिसर घ्या. गड भीमाशंकर अभयारण्यात, भोवती ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या. पावसाळ्यात धो धो पाऊस, वैशाखात पाण्यासाठी पायपीट. समजा, एखाद्या मुलीनं विचारलं, "गुरुजी, आमचा झरा होळीनंतर आटतो, वरच्या वाडीचा का नाही आटत?" हा अस्सल संशोधनाचा प्रश्न. गुरुजींनी घाईघाईनं त्याचं 'पाण्याचे महत्त्व' केलं की संशोधन संपलं, उरला नुसता तक्ता. उत्तर ओठांवर आलेलं असताना गप्प कसं राहायचं? झऱ्याखाली हंडा धरून तो भरायला किती वेळ लागतो, हे तिला आठवड्याला एकदा मोजू कसं द्यायचं? आकडे अंदाजाच्या उलट आले तर ते खोडू न देता तिच्याशी बोलायचं काय? शिक्षकांच्या अंगी हे बाणवणं फार अवघड आहे. स्लाइड दाखवून ते होत नाही.

ते येतं तेच काम करणाऱ्यांत बसून. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातले शिंपी भेटतात. त्यांच्याकडची शिकाऊ पोरं बटणं लावण्यापासून सुरुवात करतात. कापड बेतणं फार पुढे येतं. तोवर जाणत्यांचे हात रोज डोळ्यांसमोर असतात. आपला साधनव्यक्ती कार्यशाळा उरकून एकटाच घरी जातो. शेजारच्या शहापूर तालुक्यात काय फसलं, ते मुरबाडला कळत नाही.

केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतातच. त्यांना जोडून दोन्ही तालुक्यांतल्या साधनव्यक्तींनी महिन्यातून एकदा बसावं. एकानं आपल्या प्रशिक्षणातला अडलेला प्रसंग जसाच्या तसा सांगावा. बाकीच्यांनी उपाय सुचवण्याआधी नुसते प्रश्न विचारावेत. तिथे वरिष्ठांनी अहवाल मागू नये, नाहीतर फसलेलं कुणी बोलणारच नाही. हे लवकर व्हायला हवं. शिक्षकांच्या बदल्या होत राहतात, आणि जाणता माणूस दुसऱ्या तालुक्यात गेला की त्यानं वर्षानुवर्षं कमावलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. नव्या माणसाला मग पहिल्यापासून चाचपडावं लागतं.