आधी उतरायचं ठरवा

पहिल्यांदा गडावर निघालेला माणूस चढायची तयारी करतो. दम लागेल का, पाय साथ देतील का, माथ्यापर्यंत पोचू का, हेच त्याच्या डोक्यात असतं. उतरायचं काय, उतारच तर आहे! पावसाळ्यात आणि थंडीत हा भाबडेपणा बहुतेकांना पचून जातो. मार्च-एप्रिलमध्ये पचत नाही. फाल्गुन-चैत्रातल्या सह्याद्रीत ट्रेकचा अवघड भाग माथ्यावरून मागे फिरल्यावर सुरू होतो. म्हणून त्याची आखणीही उलट्या टोकाने, पायथ्याला परत पोचण्याच्या वेळेपासून करायला हवी. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट उलगडून सांगायला हवं, कारण वरवर पाहता या ऋतूत भिण्यासारखं काही दिसत नाही.

पळस आणि पांगारा फुललेला असतो, काटेसावरीला पान नाही पण फुलं लगडलेली असतात. पावसाळ्यातलं शेवाळ वाळून गेलेलं, धुकं नाही, वाट मळलेली आणि लांबूनही दिसणारी. पहाटे वाऱ्याला चांगला गारवा असतो. नवख्याला याहून सोयीचा मोसम कोणता, असंच कुणालाही वाटेल. मार्चमध्ये पुण्याचं सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असतं आणि कमाल ३५-३६. म्हणजे एकाच दिवसाच्या पोटात वीस अंशांचा फरक. सकाळी साडेसहाला पायथ्याशी जॅकेट घालून उभा असलेला माणूस त्या वेळच्या तहानेच्या मापाने पाणी घेतो. एक लिटरची बाटली त्याला भरपूर वाटते. ती बाटली माथ्यावरच संपते.

ऊन आणि उष्मा यांची वेळही एक नसते. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य साडेबारानंतर डोक्यावर येतो, पण हवा सर्वांत जास्त तापते ती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, कारण आधी जमीन तापते आणि मग तिच्यामुळे हवा. सह्याद्रीचा कातळ काळा. सकाळभर तो ऊन पीत राहतो आणि दुपारी तेच अंगावर फेकतो. नऊला निघालेला गट बाराला माथ्यावर पोचतो, डबे उघडतो, फोटो काढतो आणि एकच्या सुमाराला उतरायला लागतो. दिवसातली सर्वांत वाईट वेळ त्याने उतरण्यासाठी निवडलेली असते, तीही न ठरवता.

सावलीचंही तसंच. आपली डोंगरातली बरीचशी जंगलं पानगळीची. ज्या झाडीत डिसेंबरमध्ये थंडी वाजत होती, तिथे मार्चअखेर नुसत्या काड्या उभ्या असतात. सावली गळून वाटेवर पडलेली असते आणि त्या वाळक्या पानांवरून पाय सटकतो. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांचा तर या दिवसांत नवख्याने विचारच करू नये. त्या पश्चिमेकडे तोंड करून असतात, सकाळी छान सावलीत, दुपारनंतर थेट उन्हात. समुद्र जवळ म्हणून हवा सौम्य असेल असं समजू नका. मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे सुटले आणि समुद्रावरून येणारं वारं लांबलं की किनारपट्टी भाजून निघते. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं.

आता उलटा हिशेब मांडू. सकाळी अकरा वाजता आपण पायथ्याच्या गावात परत आलेलो असू, हे पहिलं कलम. ते पक्कं धरायचं आणि मागे मागे यायचं. चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना आडाखा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर ताशी तीन मैल आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना एक तास जादा. हा आडाखा थंड हवेतल्या, सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आपल्या नवख्याने त्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा, शिवाय थांबे वेगळे धरावेत.

कळसूबाईचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर, त्यामुळे पहिल्या ट्रेकला सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. बारी गावातून चढ आठशे मीटरांच्या वर. अकराला बारीत परत यायचं, उतरायला अडीच तास, म्हणजे साडेआठला शिखर सोडायचं. वर अर्धा तास, म्हणजे आठला पोचायचं. चढायला साडेतीन तास धरले तर निघायचं पहाटे साडेचारला. मार्चमध्ये सूर्योदय पावणेसातच्या आसपास. म्हणजे दोन तासांहून अधिक चाल अंधारात, विजेरीच्या उजेडात, वाट माहीत नसताना. वाटेत लोखंडी शिड्या आहेत त्या वेगळ्या. हिशेबच सांगतो की कळसूबाई पहिल्या वेळेला नको, निदान या मोसमात नको. कोणी अनुभवी सोबत असेल तर गोष्ट निराळी.

तोच हिशेब लोहगडाला लावून पाहा. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे गावातून चढत लोहगडवाडी गाठायची आणि तिथून पायऱ्यांनी गणेश, नारायण, हनुमान असे दरवाजे ओलांडत महादरवाजातून आत जायचं. मळवलीपासून माथ्यापर्यंत नवख्याला सव्वादोन तास पुरतात. साडेसहाला निघालात तर पावणेनऊला वर. अर्ध्या तासात फिरून सव्वानऊला उतरायला लागलात तर अकराच्या आत भाज्यात. सगळी चाल उजेडात आणि बऱ्यापैकी गारव्यात. गड निवडताना लोक उंची बघतात, फोटो बघतात, कोण कोण जाऊन आलंय ते बघतात. या दिवसांत घड्याळाला निवडू द्यावं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड एक, तेव्हा आपण काही दुय्यम बघतोय असं मनात आणायचं कारण नाही.

हिशेबातला खरा कसोटीचा आकडा म्हणजे सव्वानऊ. त्या वेळी जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग महादरवाजा समोर दिसत असला तरी. ऐकायला सोपं, पण आठ जणांच्या गटात एक जण हमखास म्हणतो, “आता एवढं आलोच आहोत, दहाच मिनिटं!” लोहगडाच्या गोष्टीत एव्हरेस्टचा दाखला देणं हास्यास्पद वाटेल, पण १९९६ च्या मे महिन्यात तिथे आठ गिर्यारोहक मरण पावले तेव्हा मागे फिरण्याची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही अनेक जण वर चढत राहिले होते, आणि ते काही नवखे नव्हते. म्हणून ही वेळ आदल्या दिवशी, घरी बसून, सगळ्यांसमोर ठरवावी. माथा दिसू लागल्यावर सुचणारं शहाणपण भरवशाचं नसतं.

पायांची तयारी उतरण्यासाठी करायची म्हणजे काय? महिनाभर आधी लोक इमारतीचे जिने चढायला लागतात आणि वर पोचल्यावर लिफ्टने खाली येतात! निम्मा सराव तिथेच वाया जातो. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना अंगाचा भार पेलतात. या दुसऱ्या कामाची त्यांना सवय नसते. ट्रेकनंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो यामुळेच. तेव्हा लिफ्टने वर जा आणि चालत खाली या असं मी सांगेन. पुणेकरांना पर्वतीच्या पायऱ्या आहेतच. सुरुवातीला चार-पाच मजले पुरे, गुडघे कुरकुरले तर दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा.

बुटांची पारखही उतारावरच होते. चढताना कोणताही बूट चालल्यासारखा वाटतो. उतरताना पाय आत पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आपटतात. तासाभराने अंगठ्याचं नख ठणकू लागतं आणि माणूस वाकडं पाऊल टाकायला लागतो. त्यासाठी बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून विकत घ्यावेत. ट्रेकला जाण्याआधी नखं कापावीत. माथ्यावर दोन मिनिटं बसून बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा करकचून बांधावी, म्हणजे टाच मागे पक्की राहते आणि बोटांना पुढे जागा मिळते. नवे कोरे बूट थेट गडावर नेऊ नयेत हे वेगळं सांगायला नको, तरी दर मोसमात कोणीतरी नेतंच.

मग घसारा. सुटी माती, मुरमाचे खडे आणि त्यावर आडवं झालेलं सोनेरी गवत हे मिश्रण मार्चमध्ये ओल्या शेवाळाइतकंच निसरडं असतं, फक्त दिसायला निरुपद्रवी. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की टाचा सुटतात आणि तो बसकण मारतो. गुडघे किंचित वाकवून, भार पावलाच्या वर ठेवून, पाऊल थोडं आडवं टाकत, छोट्या छोट्या पावलांनी उतरायचं. गवताचा झुपका धरून आधार घेऊ नये, वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं. हातात एक काठी असली तर बरं. पाठीवरची सॅक अंगालगत कसलेली हवी. ती डोलायला लागली की तोल तिच्याबरोबर जातो.

पाण्याचं गणितही उलट्या बाजूने मांडावं. उन्हात चढताना ताशी साधारण लिटरभर घाम जाऊ शकतो. चार-साडेचार तासांच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी घ्या, आणि त्यातली एक लिटरची बाटली सॅकच्या तळाशी ठेवा. ती उतरण्याची. माथा सोडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. वजन होतं अशी तक्रार येईल. होतंच, लिटरला किलो. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर तर मुळीच जाऊ नका. नकाशात आणि जुन्या वर्णनांत दिलेलं पाणी बऱ्याचदा हिवाळ्यातलं असतं. मार्चमध्ये त्याच टाक्यात तळाला हिरवा थर सापडतो किंवा तेही नाही. शनिवार-रविवारी लिंबू सरबतवाले वाटेवर बसतात, मंगळवारी बसतीलच असं नाही. नुसतं पाणीही पुरत नाही, घामाबरोबर मीठ जातं. मीठ-साखर घातलेलं सरबत किंवा ओआरएसची दोन पाकिटं जवळ असावीत.

उतरताना एखादा सोबती गप्प झाला, अडखळू लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागला, तर ते दमणं नव्हे. डोकं दुखणं, मळमळणं, भरपूर घाम, पायात गोळे येणं इथपर्यंत सावलीत बसवून, पाणी आणि मीठ-साखर देऊन माणूस सावरतो. बोलण्यात घोळ व्हायला लागला की तो उष्माघात समजायचा, अंगाला घाम असला तरीही. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, हाताशी असेल ते पाणी डोक्यावर, मानेवर, काखांत ओता, वारा घाला आणि ११२ किंवा १०८ ला फोन लावा. उतरण्यासाठी राखलेली बाटली अशा वेळी दुसऱ्याच्याही कामी येते.

आग्या माश्यांबद्दल थोडं. फुलोऱ्याच्या या दिवसांत कड्यांच्या कपारींत त्यांची मोठी मोहोळं लटकलेली असतात. धूर, अत्तर-डिओडरंटचा वास आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात. तेव्हा वास लावून जाऊ नये, शेकोटी पेटवू नये, मोहोळाकडे दगड भिरकावू नये. उठल्याच तर हात झटकत तिथे उभं राहायचं नाही, डोकं-तोंड झाकून आल्या वाटेने लांब निघायचं, मात्र कड्याच्या कडेला धावायचं नाही. शेकोटी टाळण्याचं आणखी एक कारण म्हणजे वणवा. या गवताला एक ठिणगी पुरते आणि वाऱ्यावर आग उतारावरून वर धावते.

उरतो निरोप. घरी “लोहगडला जातोय” एवढं सांगणं अपुरं आहे. कोणत्या वाटेने, किती जण, अकराला खाली, बारापर्यंत फोन आला नाही तर कोणाला विचारायचं, हे लिहून द्यावं. पायथ्याच्या गावात चहा घेता घेता “मामा, आम्ही पाच जण वर चाललोय, अकरापर्यंत उतरतो,” एवढं बोलून ठेवावं. गावकरी बहुधा वाट विचारायच्या आधीच सांगतात, आणि कोणती वाट गेल्या आठवड्यातल्या वणव्यात जळली तेही त्यांनाच ठाऊक असतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक अडकलेल्यांना उतरवायला रात्री-अपरात्री धावतात. मात्र त्यांना कुठे यायचं हे कळायला हवं, म्हणून फोनची निम्मी बॅटरीही उतरण्यासाठीच राखावी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नवख्याने हा बेत पुढच्या हिवाळ्यावर टाकावा हे उत्तम. त्याआधी जाणार असाल तर पहाटेच्या लोणावळा लोकलची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा, आणि साडेसहापर्यंत मळवलीला पोचणं जमत नसेल तर आदल्या रात्री भाज्यात किंवा लोहगडवाडीत मुक्काम करा.