कांदा स्वस्त, कोणाच्या खिशातून?



कोपरीच्या बाजारात कांदा महागला की घरोघरी चर्चा होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र तो चर्चेचा विषय नसतो, रात्रीच्या कालवणाचा प्रश्न असतो. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा शहरात अनेकांना हायसे वाटले. माल बाहेर जाणार नाही, म्हणजे इथे भाव उतरणार. गरिबाचे भले झाले. पण कोणत्या गरिबाचे?

नाशिक जिल्ह्यात त्या दिवसांत लाल कांदा निघतो. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने राहतो, लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. लासलगावला काही आठवड्यांतच भाव निम्म्यावर आले आणि शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती. एक-दीड एकरवाला शेतकरी, तोही गरीबच. शहरातल्या गरिबाला दिलेली सवलत खेड्यातल्या गरिबाच्या खिशातून काढली गेली. दोन वेळ पोटभर जेवणाऱ्या माझ्यासारख्यालाही ती मिळाली, हे आणखी विशेष!

दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान करता येते का? माझ्या मते नाही. गरिबाला कांदा परवडलाच पाहिजे. पण मग सरकारने तो रास्त भावाने पुरेसा विकत घ्यावा, स्वस्तात द्यावा आणि तोटा तिजोरीने, म्हणजे आपण सर्वांनी, सोसावा.

सीमेपलीकडेही चूल असतेच. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अशीच बंदी घातली, तेव्हा बांगलादेशात कांदा भडकला. तेथील तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता गमतीने म्हणाल्या होत्या की, स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे मी सांगितले आहे. ढाक्यातल्या मजुराच्या बायकोला हे सांगायला स्वयंपाकी कुठला?

मग सीमा सदैव खुल्या ठेवल्या की झाला न्याय? तसेही नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात बजावले की, दोन बाजूंची ताकद फारच असमान असेल, तर खुल्या व्यापाराचा नियम एकटा न्याय देऊ शकत नाही. ते श्रीमंत आणि गरीब देशांविषयी बोलत होते. पण ज्याचा माल सडतो आणि ज्याला थांबणे परवडते, त्यांच्यातला सौदाही तसाच. परदेशात भाव चढला तरी त्यातले बांधापर्यंत किती पोहोचते?

मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. त्या डिसेंबरातला लाल कांदा तोवर केव्हाच विकून झाला होता.