राखिलेल्या जीवाचे पोषण



लीळाचरित्रातील ससा राखिल्याची लीळा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी वनात आसनस्थ असता पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली दडला. मागोमाग पारधी आले व त्यांनी ससा मागितला. स्वामींनी तो दिला नाही. शरण आलेल्यास मरणाच्या हाती देता येत नाही, हे त्यांनी पारध्यांना समजावून सांगितले. रानातले गवत खाऊन आणि झऱ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्या जीवांना मारण्यात कोणता पुरुषार्थ, हे त्यांच्या ध्यानी आणून दिले. मग गुडघा उचलून सशाला जावयास सांगितले.

या लीळेचे निरूपण करताना आपण बहुधा शरणागताच्या रक्षणापाशी थांबतो. परंतु लीळेचा शेवटही विचारात घेतला पाहिजे. स्वामींनी ससा मोकळा केला, कारण त्याचे अन्न रानात होते. गवत होते, झरा होता. त्याला अभय तेवढे हवे होते. ते मिळताच तो आपल्या जीवनाला परत गेला. म्हणजे रक्षण तेव्हा पूर्ण झाले, जेव्हा त्या जीवाचे जगणे त्यास परत मिळाले.

आता हाच विचार आपल्या घाटंजी परिसरात लावून पाहू. येथे शरण येतो तो ससा नव्हे, बैल येतो, भाकड गाय येते, रेडा येतो. नागपूरहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आपल्या शेजारच्या पांढरकवड्यावरून जातो. महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. तेव्हापासून वाहतुकीत पकडलेली जनावरे पोलीस ठाण्यातून गोरक्षणात पोचविली जातात. जनावरे वाहनातून उतरतात, लोक समाधान पावतात आणि घरोघर परततात. गुडघा उचलला गेला, असे आपणांस वाटते. पण त्या बैलाचे रान कोठे आहे?

ज्याच्या नाकात आपण वेसण घातली, ज्याच्या मानेवर दहा-बारा वर्षे जू ठेविले, त्याला स्वतःचे चरावयाचे रान उरलेले नाही. सोडून दिला तर तो दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरेल आणि काठी खाईल. गावात फिरला तर उकिरड्यावरील प्लास्टिक गिळून मरेल. जंगलाकडे हाकलला तर आपल्या तालुक्याच्या कडेलाच टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथे वाघ आहेत. सशाला ‘जा’ म्हणणे ही दया होती. बैलाला ‘जा’ म्हणणे ही हिंसा होय. पाळीव जीव राखणे याचा अर्थ त्याला अखेरपर्यंत पोसणे, हाच घ्यावा लागतो.

आपल्या आचारधर्मात अहिंसा, निःसंग, निवृत्ती आणि भक्तियोग ही अंगे सांगितली आहेत. त्यांत अहिंसा पहिली. हिंसा शस्त्राने होते तशी उपेक्षेनेही होते. सुरी एका क्षणात मारते. रिकामी गव्हाण चार महिने मारीत राहते. थंड प्रदेशांत जनावरांचा कठीण काळ हिमाळ्या हिवाळ्याचा असतो. आपल्याकडे कार्तिक ते माघ हिरवे-वाळके काही ना काही मिळते. पौषातील थंडीत अशक्त जनावराला गोणपाट व कोरडी जागा दिली म्हणजे निभावते. खरी कसोटी फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत असते. त्या काळात बांधावर काडी उरत नाही आणि विहिरीचे पाणी तळाला जाते.

याचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण हिशेब न करता केलेली दया अर्ध्या वाटेवर थकते. तीनशे किलो वजनाच्या जनावराला दररोज साधारण सहा ते सात किलो वाळकी वैरण लागते. फाल्गुन ते ज्येष्ठ हे १२० दिवस धरले तर एका बैलास सात-आठ क्विंटल वैरण हवी. उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटर व त्याहूनही अधिक पाणी हवे. पन्नास जनावरे असतील तर चारशे क्विंटलांपर्यंत साठा पाहिजे, आणि तो फाल्गुनापूर्वीच रचलेला पाहिजे. शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. हे साहाय्य मोलाचे आहे. पण रुपयांनी वैरण तेव्हाच मिळते, जेव्हा ती कोणीतरी आधी राखून ठेविलेली असते.

पूर्वी ही वैरण ज्वारीच्या कडब्याने सहज मिळे. आपल्या विदर्भात खरिपाची ज्वारी मागे पडली. तिच्या जागी सोयाबीन आले, कापूस तर होताच. कडब्याच्या गंज्या दुर्मीळ झाल्या. आणि जे सोयाबीनचे कुटार हाती राहते, ते पुष्कळ ठिकाणी धुऱ्यावर पेटवून देतात. हे कुटार, तसेच तुरीचे व हरभऱ्याचे कुटार, थोड्या मिठाच्या पाण्याचा शिपका देऊन कडब्याच्या कुट्टीत मिसळले, तर जनावर ते खाते. सुगीत पेटविलेली ती काडी चैत्रात एखाद्या जीवाचा घास झाली असती, हे ध्यानात घ्यावे.

येथे कोणी शंका घेईल : साधूने संचय करू नये, उद्याची चिंता वाहू नये, असा आपला आचार, मग गंज्या रचण्याचा उपदेश कसा? समाधान असे. निःसंगत्व हे भिक्षुकाचे व्रत होय. त्याने गोठा बांधू नये, ‘माझी गाय’ असा अभिमान धरू नये. परंतु वासनिक हा प्रपंचात आहे. त्याच्या घरी धान्याची कोठी आहे, तशी वैरणीची गंजीही असावी. भिक्षुकाने दारोदारी भिक्षेस जाताना ही गोष्ट बोलावी. ज्याने अन्न मागून खाल्ले आहे, त्याला मुक्या जीवाची भूक सांगण्याचा अधिकार आहे.

दुसरी शंका : आपण देवतांची उपासना करीत नाही, मग गाईची एवढी काळजी कशासाठी? उत्तर सोपे आहे. आपण गाईला देवता म्हणून राखीत नाही, जीव म्हणून राखतो. म्हणूनच आपल्या दृष्टीने भाकड गाय आणि म्हातारा रेडा यांत भेद नाही. कायद्याची पूर्ण बंदी रेड्याला लागू नाही. आपल्या आचाराला मात्र अशी सीमा नाही. पाळीव पशूंचे पालन श्रीकृष्ण महाराजांनी गोकुळात स्वतः केले. तेथे ते गाई चारावयास नेत. ओवाळून घरी बसत नसत.

तिसरी गोष्ट कटू आहे, तरी बोलली पाहिजे. जनावरे वाचविण्याच्या नावाने गाडीवानाला मारहाण केल्याच्या वार्ता देशात अनेकदा ऐकू येतात. स्वामींनी पारध्यांवर हात उगारला नाही. त्यांची बुद्धी पालटली. एका जीवाच्या रक्षणार्थ दुसऱ्या जीवाची हिंसा करणारा पहिल्याचेही पुण्य गमावतो. संशय असेल तर पोलिसांस कळवावे आणि आपण वैरणीच्या कामास लागावे.

आणि वैरण देतानाही विवेक हवा. उपाशी आलेल्या जनावरापुढे पुण्य म्हणून पोळ्या, शिळा भात, धान्य वा ढेप यांचा ढीग टाकतात. त्याच्या पोटाला ती सवय नसते. अपचनाने, पोट फुगून ते दगावते, आणि देणारा म्हणतो, ‘आयुष्यच तेवढे.’ प्रथम पाणी आणि वाळकी वैरण द्यावी. ढेप पुढे मूठमूठ वाढवावी. कोवळी, पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी कधीही घालू नये. तिच्यात विष असते. अज्ञानाने दिलेला घासही घात करतो, म्हणून आपल्या पंथात ज्ञानाला आचाराच्या अगोदर स्थान आहे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात जमनालालजी बजाज यांनी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी देह ठेवण्यापूर्वीचे महिने गोसेवा संघाच्या कार्यास दिले. त्या संस्थेच्या नावात ‘रक्षा’ हा शब्द नाही, ‘सेवा’ हा आहे. रक्षा एका दिवसात होऊ शकते. सेवा रोज सकाळी पुन्हा आरंभावी लागते.

शेवटी मूळ कारणाकडे वळू. बैल त्या वाहनात चढतो कोठून? चैत्रात वैरण संपलेल्या गोठ्यातून. ज्या शेतकऱ्याने पोळ्याच्या आदल्या सांजेस त्याचे खांदे शेकले, तोच कर्जाने व कडब्याअभावी त्याला बाजारात नेतो, आणि नेताना त्याचेही डोळे ओले असतात. त्याला दोष देण्यापूर्वी आपल्या धुऱ्यावर काय जळाले ते पाहावे. गोरक्षणात पोचलेल्या बैलास वैरण देणे हे उत्तम. पण शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधलेल्या बैलास चार महिने वैरण पुरविणे हे त्याहून श्रेष्ठ, कारण तेथे पारधी येण्यापूर्वीच ससा राखिला जातो.

दया हे मोक्षाचे साधन आहे, असा आपला सिद्धांत नाही. मोक्ष परमेश्वराच्या कृपेने, ज्ञान-भक्तीने. पण ज्याचे चित्त गव्हाणीतील रिकामेपण पाहून हलत नाही, त्या चित्तात ज्ञान रुजावे कसे? म्हणून प्रत्येक वासनिकाने या सुगीत एका जनावरापुरती, म्हणजे आठ क्विंटल, वैरण वेगळी रचावी. एकट्यास अशक्य असेल तर चार घरांनी मिळून रचावी आणि ती कोणत्या गोठ्यास द्यावयाची, हे संक्रांतीपूर्वीच ठरवावे. भिक्षुकांनी ती रचली गेली की नाही, हे माघात विचारावे.

सर्वज्ञांनी ती बुद्धी आपणांस द्यावी, ही त्यांच्या श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.