लढाईची देणी

राजघराण्याच्या दफ्तरात युद्ध शोधायला गेलेला माणूस बहुधा हिरमुसून परत येतो. कोल्हापूरच्या करवीर छत्रपतींचं दफ्तरच घ्या. मोडीतल्या त्या रुमालांत तलवारींचा खणखणाट जवळपास नाहीच. आहेत ती वतनपत्रं, कौलनामे, वराती, नालबंदीचे हिशेब, निवाडे. कोणाला काय दिलं, कोणाचं राहिलं, कोणी कबूल करून हात वर केले. लढाई कोण जिंकलं यापेक्षा तिच्यापायी कोण कोणाचं देणं लागतो, याची या कागदांना जास्त काळजी. मला हाच त्यांचा मोठा गुण वाटतो. बखरकारांनी वीर रंगवले. कारकुनांनी बाकी लिहून ठेवली. बाकीही खोटी लिहिता येते, पण त्यासाठी साक्षीदार जमवावे लागतात.

1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना रिकामा. इकडचा मुलूख रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती. अशा वेळी सरदाराला लढवायचं कशाच्या जोरावर? कागदाच्या! 1691 मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना वर्षाला 6 लाख होनांचं आश्वासन दिलं. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेत जाल तसतशी रक्कम मिळेल, आणि शेवटचा मोठा हिस्सा दिल्ली जिंकल्यावर! देणाऱ्याच्या हाती त्या घडीला यातलं काहीच नव्हतं. शिवाजी महाराजांनी वतनं देण्याचं शक्यतो टाळलं होतं. मुलाला ती द्यावी लागली, कारण दुसरं द्यायला नव्हतंच. पुढच्या शतकातला सरंजामदारांचा माज या काळात रुजला, अशी टीका होते. ती खरी आहे. पण पगार थकलेल्या फौजेपुढे उभं राहून ती करून पाहावी.

राजाराम महाराज 1700 मध्ये गेले आणि चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज चालवली. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ वाचावीत, ती याच काळासाठी. किल्ल्याचीही तेव्हा किंमत ठरे. 1702 मध्ये विशाळगड बादशहाच्या फौजेने महिनोन्महिने वेढून घेतला तो 2 लाख रुपये मोजून, आणि असे विकलेले गड मराठे पुढे परत घेत. युद्धाची खरी झळ मात्र कौलनाम्यांत कळते. फौजा येऊन गेल्या की गाव परागंदा होई. मग सरकार कौल देई: या, जमीन कसा, पहिली वर्षं सारा थोडा, पुढे इस्ताव्याने वाढेल. गाव उजाड झाल्याची दुसरी नोंद नसली तरी कौल आहे म्हणजे उजाडपण होतंच.

त्या अनुभवातून गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 मध्ये ‘आज्ञापत्र’ लिहिलं. आरमाराला लाकूड हवं, पण आंबा-फणसाला हात लावू नका. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड लागलंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या, असं अमात्य सांगतात. हल्ली हे पर्यावरणप्रेम म्हणून भाषणांत येतं. मला त्यात पाव शतकाच्या लढाईत फौजांनी केलेली नासधूस पाहिलेला कारभारी दिसतो.

छावणीचा वास हवा असेल, तर मात्र मिरजेकडे वळावं. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापलेल्या पटवर्धनी पत्रांत दाणावैरण आहे, दुखणी आहेत, वैताग आहे. 1799 मध्ये पट्टणकुडीला करवीरकरांशी लढताना परशुरामभाऊ पटवर्धन पडले. करवीरचा विजय नीट समजून घ्यायचा तर शत्रूच्या घरचा टपाल-रुमालही उघडावा लागतो.

लढाईत पडलेल्याच्या मुलांना मिळे ती बालपरवेशी. तिच्यामुळे कित्येक शिपायांची नावं राहिली. पण नाव राहिलं ते हक्क सांगणारा मागे होता म्हणून. तोफा ओढणारा बिगारी, पागेमागून चालणारी बाजारबुणग्यांतली बाई मेली, तर कोणाचं काही देणं लागत नसे. म्हणून नोंदही नाही.

कागद मोडला तर काय होतं, ते 1844 मध्ये दिसलं. गडकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखले होते आणि त्याबद्दल जमिनी खाल्ल्या होत्या. इंग्रजांच्या पाठिंब्याने आलेल्या दाजी पंडितांच्या कारभारात त्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या. कारकुनी दृष्टीने हा नुसता व्यवस्थेतला फेरफार; गडकऱ्याच्या दृष्टीने आजोबाने रक्ताने मिळवलेला करार बुडाला. सामानगडाचे दरवाजे बंद झाले, मग पन्हाळा उठला, कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या कैदेत पडला. डिसेंबरात इंग्रजी तोफांनी पन्हाळा घेतला आणि पुढे चार दरवाजा जमीनदोस्त केला. या बंडाला स्वातंत्र्याची पहिली ठिणगी म्हणण्याची हौस आपल्याला आहे. मला ते थकीत देण्यावरून झालेलं भांडण वाटतं, आणि त्यामुळे ते तसूभरही लहान होत नाही.

1857 नंतर घराण्याचीच माणसं संशयित म्हणून कागदांत येतात: चिमासाहेबांना कराचीला धाडलं, ते तिथेच वारले. पहिल्या महायुद्धात शाहू महाराजांनी सैन्यभरतीला हातभार लावला. त्यामागे इंग्रजांशी सख्य होतं, तशीच शेतकऱ्याच्या पोराला पगार आणि मान मिळेल ही गणितंही होती.

दुसऱ्या महायुद्धात लढाईच कोल्हापूरच्या दारी आली, ती निर्वासित होऊन. 1940 मध्ये शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज निवर्तले होते. गादीवर पुन्हा अजाण मूल आणि कारभाराच्या शिरावर पुन्हा एक ताराबाई. 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5 हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका-मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली. त्यांचा खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार सोसत होतं. म्हणजे इथेही उजाडलेलं गाव नव्या जागी वसवायचं होतं, फक्त कौल देणारा सातासमुद्रापलीकडे होता. 1948 मध्ये ते लोक गेले, आणि त्यांच्या बराकींत फाळणीने घर हिरावलेले सिंधी राहायला आले. आज तिथे गांधीनगर आहे, आणि कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जातात.