पाइपांची मांडणी

दिवाळीच्या आधी घरोघर माळे रिकामे होतात. वर्षभर डोळ्यांआड असलेल्या वस्तू गॅलरीत, अंगणात, जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसतात आणि एकेकीचा निवाडा होतो. ही ठेवायची, ही बोहारणीला, ही भंगारवाल्याला. आपण ह्याला आवराआवर म्हणतो. पण ती एक लहानशी न्यायसभाच असते. वस्तू ठेवायची की टाकायची, हे पुष्कळदा चटकन ठरते. ठेवायची असे ठरल्यावर ती कुठे ठेवायची, ह्या प्रश्नापाशी मात्र माणसे अडखळतात.

अडखळतात ह्याचे कारण घरातल्या प्रत्येक जागेला अर्थ असतो. देव्हाऱ्यातली वस्तू पूज्य, बैठकीच्या भिंतीवरची अभिमानाची, स्वयंपाकघरातल्या फळीवरची रोजच्या कामाची, कुलपातली मोलाची आणि माळ्यावरची विस्मरणाच्या वाटेला लागलेली. पणजोबांच्या काळी पितळी पिकदाणी लोडाच्या आडोशाला असे. पाहुण्यांच्या नजरेत ती येऊ नये अशीच तिची जागा होती. आज तीच चिंच लावून घासली जाते, दिवाणखान्यात येते आणि तिच्यात निशिगंधाच्या काड्या उभ्या राहतात. जागा बदलली की वस्तूचे चरित्रही बदलते. एवढे सामर्थ्य जागेत असेल, तर ती नेमून देणे ही निव्वळ सोयीची बाब राहत नाही. त्यात थोडा नीतीचा भाग येतोच.

ह्या विचाराला मला माझ्या एका स्नेह्यांनी लावले. त्यांचे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि पाइप ओढीत. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. घशाच्या कर्करोगाने गेले. त्यांचे पाच पाइप एका ट्रंकेत होते; ते आवराआवरीत बाहेर निघाले. घरात तीन मते पडली. आई, वय वर्षे चौऱ्यांशी, त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, त्यांचे म्हणणे पाइप बाहेर मांडावेत. वहिनींचे म्हणणे, घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. ज्या वस्तूने त्याच्या आजोबांचा जीव घेतला, ती भिंतीवर कौतुकाने लावायची नाही. स्नेही मधल्या मध्ये. ते मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही मुलांना शिकवता, वर कादंबऱ्याही लिहिता. तुम्हीच सांगा. आणि मांडायचेच ठरले, तर मांडणी कसली घ्यावी तेही सांगा.”

दुसरा प्रश्न सोपा वाटला, म्हणून आम्ही त्याला आधी हात घातला. तो सोपा नव्हता. पाइप ठेवण्यासाठी ज्या तयार मांडण्या मिळतात, त्यांची रचना साधी असते. खाली एक पाट, त्यात वाटी टेकण्यापुरते खळगे. वर आडवी पट्टी, तिला दांडी टेकण्यापुरत्या खाचा. नेहमीचा पाइप वीतभरापेक्षाही आखूड असतो; त्याच्या मापाने हे सारे कोरलेले. ह्या गृहस्थांचे पाइप मात्र थोराड. तिघांच्या वाट्या अशा रुंद की खळग्यात बसेनात, काठावरच डुगडुगत. चौथ्याची दांडी हातभर लांब. पूर्वी युरोपात असे लांब दांडीचे पाइप फार असत, कारण लांब वाटेने येणारा धूर निवून येतो. तो आखूड मांडणीत ठेवला की दांडीच्या भाराने मागे कलंडे. पाचवा पांढऱ्या दगडाचा. तुर्कस्तानात एस्कीशेहीर गावाच्या आसपास हा हलका, मऊ दगड निघतो आणि त्यावर सुरेख कोरीवकाम होते. तो पडला की फुटलाच.

तेव्हा सुतार बोलावला. त्याने पाइप एकेक करून हातात घेतले, उलटसुलट पाहिले, बोटाने मापे घेतली आणि विचारले, “साहेब, हे वापरायचे आहेत की नुसते बघायचे?”

स्नेही म्हणाले, “का? काय फरक पडतो?”

“सगळाच पडतो. वापरायचे असतील तर उघडी मांडणी करतो, वारा लागेल अशी, आणि हाताशी येईल अशा उंचीवर. बघायचे असतील तर काच लावतो, वर ठेवतो.”

त्या कारागिराने एका वाक्यात आमचा वाद त्याच्या मुळापाशी नेऊन ठेवला. पाइपाची उघडी मांडणी ओढणाऱ्याच्या गरजेतून आली आहे. भूमध्य समुद्राकाठी ब्रायर नावाचे एक झुडूप होते. त्याच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीच्या लाकडाचे पाइप करतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावाचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ह्याच धंद्यावर झाले. हे लाकूड आच सोसते, पण ओल धरते. एकदा ओढलेला पाइप वाळायला वेळ द्यावा लागतो. म्हणून शौकीन माणूस आठवड्याच्या सात वारांचे सात पाइप ठेवी आणि ते वाळत ठेवायला मांडणी करी. म्हणजे उघडी मांडणी ही मुळात उद्याची तयारी आहे. ती पाहणाऱ्याला सांगते की हा माणूस उद्या पुन्हा येणार आहे. आणि काचेचे कपाट सांगते की आता कोणी येणार नाही. पण त्याच वेळी ते वस्तूला एक पायरी वर चढवते. काचेमागे गेलेली वस्तू कोणाच्या हाताला लागत नाही, आणि जी हाताला लागत नाही तिचा दोषही दिसेनासा होतो. वहिनींना भीती वाटत होती ती ह्याचीच, आणि ती भीती फोल नव्हती.

ह्या भीतीला इतिहासाचा आधार आहे, आणि तो आपल्या दख्खनमधलाच आहे. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला वकिलातीवर गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. पोर्तुगीजांनी ती ह्या किनाऱ्यावर आणली होती. उत्तरेच्या दरबाराला तिची ओळख नव्हती. १६०४ च्या सुमारास तो परतला, तेव्हा बादशहासाठी त्याने एक पाइप नेला. त्याचे वर्णन त्यानेच लिहून ठेवले आहे. दांडी अचिनहून आलेली, तीन हात लांब. दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम. तोंडाशी येमेनी अकीक. आणि ती दांडी ठेवायला त्याने चांदीची नळी करवून घेतली, तिला जांभळी मखमल चढवली आणि सगळा सरंजाम चांदीच्या तबकात मांडला. अकबराने दोनतीन झुरके घेतले. हकिमाने अडवले. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, आपण ते जाणत नाही, तर बादशहाने ते घेऊ नये, एवढेच साधे त्याचे म्हणणे. असद बेगाने उलट विचारले की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच नव्हती का? अकबराला हा जबाब आवडला, तरी त्याने स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र मागण्या केल्या, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि चाल पडली. त्याच १६०४ साली तिकडे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहीत होता. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने मनाईचा हुकूम काढला. दोघांचाही उपयोग झाला नाही.

मी ही हकीकत आठवतो तेव्हा मला वाटते, हकिमाचा पराभव युक्तिवादाने झालाच नाही. असद बेगाची मखमल आधीच दरबारात पोचली होती. चांदीच्या तबकातून आलेल्या वस्तूला 'तू कोण' असे विचारायला फार धैर्य लागते. आज तंबाखूपायी जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात, हे आपल्याला माहीत आहे. सिगारेटपेक्षा पाइप सभ्य, निरुपद्रवी, ही समजूतही खरी नाही. तोंडाचा, घशाचा कर्करोग पाइपानेही होतो. तरीही पाइप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापक, कप्तान, गुप्तहेर असली भारदस्त माणसेच उभी राहतात. इतके ते तबक अजून चकाकते आहे.

मग काय, पाइप फेकून द्यावेत? वहिनींची बाजू मनोमन पटूनही मला तसे म्हणवेना. दसऱ्याला आपण शस्त्रे पूजतो. भिंतीवर टांगलेल्या जुन्या तलवारीने कोणाचा तरी गळा कापला असेल, हे आपल्याला ठाऊक असते; आपण तलवार ठेवतो. शिवाय नातवाला आजोबा सांगायचे आणि पाइप गाळायचा, तर सांगणार कोणते आजोबा? त्यांच्या प्रत्येक छायाचित्रात तो हातात आहे. घरातल्या माणसाची आठवण धान्यासारखी पाखडून, खडे काढून ठेवता येत नाही. खडे काढता काढता माणूसच कमी होत जातो.

आदर आणि प्रदर्शन ह्या दोन गोष्टी आपण एक समजतो, हीही एक अडचण आहे. अमेरिकेतल्या लकोटा लोकांच्या परंपरेत पाइप ही परमपवित्र वस्तू. मिनेसोटातल्या पाइपस्टोन येथल्या लाल दगडाची तिची वाटी करतात. ती खाण १९३७ पासून राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथला दगड काढण्याचा हक्क आदिवासींनाच आहे. पण हा पवित्र पाइप ते भिंतीवर लावीत नाहीत. वाटी आणि दांडी वेगळ्या करून गुंडाळून ठेवतात. विधीच्या वेळीच त्या जोडल्या जातात. जोडणे हीच पूजा. पाहुण्यांनी काचेमागे जोडलेला पाइप पाहावा, ही कल्पना त्यांच्या पवित्रतेत बसत नाही. अशा वस्तू संग्रहालयांकडून परत मिळवण्याचा मार्ग त्यांना १९९० च्या कायद्याने मोकळा करून दिला. ज्यांच्याजवळ वस्तूबद्दल सर्वांत अधिक आदर आहे, तेच ती सर्वांत कमी दाखवतात, हे मला विचार करण्याजोगे वाटते.

एवढे सगळे मी स्नेह्यांना सांगितले, आणि ते ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “म्हणजे मांडायचे की नाही?” विचारवंताची अशी फजिती व्हायचीच. तेव्हा कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या माई बोलल्या.

“तुम्ही मघापासून तंबाखूचं बोलताय. मला तंबाखू कुठे मांडायची आहे? शेवटचं वर्षभर ह्यांचा आवाज गेला होता. ऑपरेशन झालं आणि गेला तो गेला. ओढणं तर डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं होतं. पण तो पांढरा पाइप हातात असायचा, रिकामा. मला हाक मारायची झाली की खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायचे. टक्, टक्. मी स्वयंपाकघरातून यायची. मला तो हवाय, दुसरं काही नको.”

वहिनींनी मान खाली घातली. मुलगा दाराशी उभा होता, तो आत आला आणि त्याने तो पांढरा पाइप उचलून पाहिला. पांढरा फक्त नावाला. हा दगड ओढता ओढता पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी होतो, आणि शौकीन लोक ह्या रंगालाच मोल देतात. मी त्याला एवढेच सांगितले की ज्या धुराने हा रंग चढला, तोच धूर आजोबांच्या घशातूनही गेला. त्याने पाइप आजीच्या हातात दिला. बाकी काही सांगावे लागले नाही.

पुढे काय ठरले ते सांगतो. चार पाइपांच्या वाट्या आणि दांड्या वेगळ्या करून, पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून कपाटात ठेवल्या. सुताराने एकाच पाइपाची मांडणी केली. सागवानाची, रुंद खळग्याची, तळाशी बनातीचा तुकडा लावलेली. ती माईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी आहे. सुताराने पैसे घेताना विचारले, “मग शेवटी हा वापरायचाच आहे म्हणा ना?” स्नेही “हो” म्हणाले.

ह्या प्रकरणातून मी एक कसोटी शिकलो. वस्तू तिथे मांडावी, जिथे तिची सगळी गोष्ट सांगणारे कोणी असेल. निम्मी गोष्ट सांगणारी जागा धोक्याची. दिवाणखान्यात पाइप फक्त ऐट सांगतो. ट्रंकेत तो फक्त मृत्यू सांगतो. माईंच्या उशाशी तो दोन्ही सांगतो, आणि त्या दोहोंत न बसणारे तिसरेही काही सांगतो. माईंच्या मागे ही गोष्ट सांगणारे कोणी उरले, तर मांडणी राहील. न उरले, तर ती खुशाल काढावी. त्यात पाइपाचाही अपमान नाही आणि माणसाचाही नाही.

ह्या दिवाळीत तुमच्याही घरी माळ्यावरून एखादी अशी अवघड वस्तू खाली आली असेल. कोणाच्या व्यसनाची, कोणाच्या कर्जाची, कोणाच्या मोडलेल्या संसाराची. तिला जागा देण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकदा विचारून पाहा, ही वस्तू कशाला वापरत होते? आणि तो सांगू लागला की मुलांनाही जवळ बसवा.