सुपारी ते अक्षता

हिंगोली जिल्ह्यात लग्नसराई दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ती पिकाच्या पैशामागून येते. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघते, विकले जाते आणि तुळशीचे लग्न लागले की गावोगाव मांडव पडायला लागतात. दुसरा हंगाम हळदीचा. माघ-फाल्गुनात ती खणून काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायची. आडत्याची पट्टी हातात पडली की वैशाखातली तारीख धरली जाते. म्हणून इथल्या लग्नाचा खर्च रुपयांत सांगितला तर त्याचे वजन कळत नाही. तो क्विंटलात मोजून पाहावा.

मुलीच्या बापाला सगळे मिळून पाच लाख लागले असे धरू. आजच्या हिशेबाने कोणी याला मोठे लग्न म्हणणार नाही. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावाने हे १०२ क्विंटल होतात. पण त्या हंगामात बाजारातला भाव चार हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला, म्हणजे प्रत्यक्षात सव्वाशे क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा आला, तर पाच एकरवाल्याचे हे तीन वर्षांचे सगळे सोयाबीन झाले, आणि तेही बी, खत, फवारणी, सोंगणी, मळणी सगळे फुकटात झाले असे समजून. तीन वर्षांचे पीक एका दुपारी जेवून उठते. कमी पडलेले सोसायटीच्या कर्जात, सावकाराच्या व्याजात किंवा एखाद्या एकराच्या खरेदीखतात जाऊन बसते. मराठवाड्यात शेतकऱ्याने जीव दिल्यावर घरी चौकशीला गेलेल्या माणसांनी मुलीच्या लग्नाचे कर्ज हे कारण कितीतरी वेळा लिहून आणले आहे. लग्नातल्या काटकसरीचा विषय मला म्हणूनच हौसेचा वाटत नाही.

हा खर्च वाढतो कुठे? दोष अक्षतांना देता येत नाही. मंगलाष्टकांना अर्धा तास पुरतो आणि तांदूळ दोन किलो. सुपारी फुटते त्या दिवशीची बोलणीही बहुतेक घरांत साधीच असतात. मुलाकडचे म्हणतात, आमचे काही मागणे नाही, तेवढे लग्न चांगले लावून द्या. १९६१ पासून हुंडा घेणे-देणे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आकडा बोलला जात नाही. पण ‘चांगले’ या एका शब्दात आकड्याला मावायला भरपूर जागा असते. खरा खर्च सुरू होतो तो त्यानंतर, सुपारी आणि अक्षता यांच्या मधल्या तीन-चार महिन्यांत. बस्ता हिंगोलीत बांधायचा ठरलेला असतो, कोणीतरी नांदेडचे दुकान काढते. मांडव दारात घालायचा ठरलेला असतो, चुलत्याच्या पोरीचे लग्न मंगल कार्यालयात झाले म्हणून आपलेही तिथेच. मग डीजे, मग फेटे, मग प्री-वेडिंगचे शूटिंग. हळदीच्या दिवशी घरातली हळद दळून बायका पाटावर बसलेल्या नवरीला लावत आणि गाणी म्हणत. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मुलखात आता हळदीला वेगळे स्टेज, वेगळी पिवळी सजावट आणि वेगळे जेवण लागते. यातली एकही गोष्ट एकदम कोणी मागत नाही. प्रत्येक वेळी एकच वाक्य येते, ‘एवढं तर करावंच लागंल, लोक नावं ठिवतेत.’ त्या प्रत्येक वाक्याची किंमत दहा-वीस हजार असते.

लोकांचा हा धाक खोटा नाही, हे मान्य केले पाहिजे. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनल्दे देसाई या अभ्यासकांनी कर्नाटकातल्या खेड्यांतल्या कुंभार कुटुंबांचे लग्नखर्च तपासून २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मुलगी गावाबाहेरच्या घरी दिली की समारंभ मोठा होतो, असे त्यांना दिसले. सोयरे गावातलेच असले तर त्यांची पत सगळ्यांना ठाऊक असते. ते परगावचे असले तर आपल्याला किती तोलामोलाचे घर मिळाले, हे गावाला मांडवातूनच दाखवावे लागते. आपल्याकडे मुलगी बहुधा परगावीच दिली जाते. तेव्हा थाट करणारा बाप अडाणी असतो, उधळ्या असतो, असे म्हणून भागत नाही. तो आपल्या घराची पत राखत असतो. एकट्याने हात आखडला तर लोक त्याला शहाणा म्हणत नाहीत, त्याचे दिवस फिरले असे म्हणतात, आणि पाठच्या मुलीची सोयरीक जमवताना ते त्याला भोवते. वर्तमानपत्रांतून ‘साधेपणाने लग्न करा’ असे सांगून काही होत नाही, याचे कारण हेच आहे. साधेपणाला आडोसा लागतो.

असा आडोसा एकदा सगळ्यांना मिळाला होता. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे सरकारने लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. मोडणाऱ्याला ५० हजारांचा दंड. त्या उन्हाळ्यात दारात, शेतातल्या आखाड्यावर, देवळाच्या ओसरीवर लग्ने लागली. त्या लग्नांना कोणी नावे ठेवली नाहीत, कारण ती साधी का झाली याचे उत्तर घरच्या कर्त्याला द्यावे लागत नव्हते. ते संसार इतरांसारखेच चालले आहेत. निर्बंध उठले आणि आडोसाही गेला.

आणखी एक आडोसा मात्र लोकांनी स्वतःच शोधून काढलेला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कुंकवाला, साखरपुड्याला पाहुणे जमतात. जेवणे होतात. मग दोन्हीकडची चार जाणती माणसे बाजूला बसतात आणि कोणीतरी म्हणते, आता सगळे आलेच आहेत, तर आजच अक्षता टाकू. मुलाकडचे हो म्हणतात, धावपळ करून मणी-मंगळसूत्र आणले जाते, आणि संध्याकाळी नवरी सासरी जाते. ‘साखरपुड्यातच उरकले लग्न’ अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. याद्यांच्या बैठकीत असे झाले तर लोक कौतुकाने ‘यादी पे शादी’ म्हणतात. यात खूबी अशी की खर्च जिथे वाढतो ते मधले महिनेच काढून टाकलेले असतात. तुलना करायला वेळ मिळत नाही. शिवाय निर्णय दोन्ही घरांनी मिळून, चारचौघांसमोर घेतलेला असतो, त्यामुळे मुलीच्या बापाकडे बोट दाखवता येत नाही. उलट गाव दोघांनाही मोठे म्हणते. काटकसरीने इज्जत वाढल्याचे असे उदाहरण आपल्या व्यवहारात दुसरे सापडणे कठीण.

पण या घाईत मुलीचा हो-नकार कोण विचारतो? बाजूला बसलेल्या त्या चार जाणत्यांत ती नसते, बहुतेक वेळा तिची आईही नसते. दुसरे, मराठवाड्यात बालविवाह अजून होतात, आणि झटपट लागलेल्या लग्नात मुलीचे वय अठरा पूर्ण आहे का, हे कोणी कागदावर पाहत नाही. तेव्हा या रीतीचे गोडवे गाताना माझी अट आहे. शाळेचा टीसी किंवा जन्माचा दाखला पाहिल्याशिवाय आणि मुलीला तिच्या आईसमोर वेगळे बसवून विचारल्याशिवाय अक्षता वाटू नयेत. पंधरा मिनिटांचे काम आहे ते. आणि तिच्या मैत्रिणी आल्या नसतील तर त्यांना बोलवायला माणूस पाठवावा. वाचलेले पैसे बापाचे असतात. हौस मात्र तिची राहून जाते, आणि ती पुन्हा पुरवता येत नाही.

जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीत आहेराची वही असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध घडी पडलेली. आधी गावाचे नाव, मग माणसाचे, मग काय आणले ते: पातेले, तांब्या, एक पायली गहू, अकरा रुपये. अक्षर त्या वेळी गावात ज्याला लिहिता येत होते त्याचे. त्या घरी लग्न निघाले की वही उघडायची, त्यांनी आपल्याकडे काय आणले होते ते पाहायचे आणि तेवढे, जमले तर थोडे जास्त, घेऊन जायचे. ही वही वाचताना कळते की लग्न एका घराच्या कमाईवर उभे राहत नव्हते. भावकीने गहू दिले, सोयऱ्यांनी भांडी दिली, मांडवडहाळे गाडीत घालून पोरांनी आणले, गल्लीतल्या बायकांनी रात्रभर बसून पोळ्या केल्या, वाढायला तरुण पोरे. आज तीच सगळी कामे आहेत. फक्त प्रत्येकाला बिल आहे. आणि आहेर म्हणून येतात ते टॉवेल-टोप्या, जे एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरत राहतात आणि कोणाच्याच डोक्यावर बसत नाहीत. खर्च वाढला यापेक्षा वाटून घेणे संपले, हे मला जास्त खरे वाटते. म्हणून बचतीची सुरुवात मी इथून करीन: टॉवेल-टोपी बंद, फेटे बंद, त्याऐवजी भावकीतल्या प्रत्येक घराने एकेक काम किंवा एकेक जिन्नस अंगावर घ्यायचा. राळेगणसिद्धीत सामुदायिक विवाह सुरू झाले तेव्हा तरुण मंडळानेच भांडी, मांडव, ध्वनिक्षेपक विकत घेऊन ठेवले आणि स्वयंपाक-वाढपही अंगावर घेतले होते. जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाला हे जमण्यासारखे आहे. गणपतीच्या वर्गणीतून भागेल.

सामूहिक विवाहाचे मात्र घोडे अडले आहे. महिला व बालविकास विभागाच्या शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेत मुलीच्या घराला पूर्वी १० हजार मिळत, ते आता २५ हजार झाले. रक्कम वाईट नाही. पण त्या मांडवावर ‘गरिबांचे लग्न’ असा शिक्का बसला आणि बसवला तो आपणच. पुढारी तिथे आशीर्वाद द्यायला येतात, स्वतःच्या मुलांची लग्ने मात्र वेगळी लावतात. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पुरोहिताविना, बडेजावाविना पहिले लग्न लावले. त्यामागे मदतीची योजना नव्हती. माणसाचे लग्न असेच लागावे अशी ठाम समजूत होती, म्हणून तिथे साधेपणाला कमीपणा चिकटला नाही. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून कर्ज काढून सण-समारंभ करू नका म्हणून सांगत फिरले, आणि स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मटण-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले. आधी घरात केले, मग लोकांना सांगितले. ज्याच्याकडे सालाला शंभर क्विंटल हळद निघते त्याने आपली मुलगी सामूहिक मांडवात उभी केली, तर पाच एकरवाल्याची मान त्याच मांडवात ताठ राहील.

लग्न लक्षात कशाने राहते, हेही लोकांना विचारून पाहावे. डीजेचा आवाज कोणी आठवत नाही. मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि सत्कार अडीचपर्यंत, लेकरे भुकेने रडत होती, हे आठवते. पत्रिकेवर निमंत्रक, व्यवस्थापक, प्रमुख उपस्थिती अशी नावे दोन-दोन रांगांत असतात, त्यातले निम्मे येत नाहीत आणि आलेल्यांचे सत्कार संपत नाहीत. वेळेवर अक्षता, गरम वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि पंगतीत ‘घ्या हो’ म्हणत फिरणारा नवरीचा भाऊ. याला फारसा पैसा लागत नाही आणि याची आठवण मात्र वीस-वीस वर्षे निघते.

याद्यांच्या बैठकीत आपण काय काय द्यायचे ते लिहितो. त्याच कागदावर काय करायचे नाही, तेही लिहावे: पाने किती, अक्षता किती वाजता, सत्कार नाहीत, डीजे नाही, आणि निम्मा खर्च मुलाकडचा. खाली दोन्ही व्याह्यांच्या सह्या, नवरा-नवरीच्याही. त्यातून जे वाचेल ते मुलीच्या नावे पोस्टात टाकावे, रकमेसकट लिहून. हे बोलणे दिवाळीच्या भेटीगाठींतच उरकायला हवे. कार्तिकात कार्यालयाला इसार देऊन झाला की कागदावरचे आकडे बदलायला लागतात, आणि आचाऱ्याला, मांडववाल्याला शब्द गेलेला असतो.