गोमुखाच्या वरची नावे

गंगोत्रीचे मंदिर मागे टाकून गोमुखाकडे निघालो, तरी हिमनदी लवकर दिसत नाही. नाव गंगोत्रीचे, पण बर्फ तिथून अठरा किलोमीटर वर. भूवैज्ञानिकांना जुन्या हिमनदीच्या खुणा मंदिराच्याही खूप खाली, झाला या गावाजवळपर्यंत सापडल्या आहेत. कधीकाळी ही सगळी दरी बर्फाने भरलेली होती, हे त्या वाटेवर चालताना मनात राहते.

वाटेत चीरबासा आणि भोजबासा लागतात. दोन्ही ठिकाणे झाडांच्या नावाने ओळखली जातात. भोजबाशाला मात्र भोजवृक्ष शोधावे लागतात. वर्षानुवर्षे ते सरपणासाठी तुटत गेले.

चौखंबाच्या उतारांवरून निघालेली गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर वायव्येकडे येते आणि गोमुखाशी संपते. तिथून भागीरथी वाहू लागते. शुभ्र बर्फाच्या अपेक्षेने जाणाऱ्याला समोर दिसतो तो दगडमातीने झाकलेला मळकट कडा. वरच्या अंगाला पूर्वेकडून रक्तवर्ण आणि चतुरंगी, तर पश्चिमेकडून कीर्ती आणि मेरू या हिमनद्या येतात. रक्तवर्ण, चतुरंगी ही नावे ज्यांनी ठेवली, त्यांनी बर्फावरच्या दगडांचे रंग नीट पाहिले असणार. हे दगड वरच्या कड्यांवरून सुटून हिमनदीबरोबर खाली येतात. त्यांचा थर पातळ असेल तर तो तापतो आणि खालचा बर्फ लवकर वितळतो. जाड असेल तर बर्फाला ऊन लागू देत नाही.

नकाशात या चारही आजही गंगोत्रीच्या उपहिमनद्या आहेत. प्रत्यक्षात रक्तवर्ण, चतुरंगी आणि मेरू आटत आटत मुख्य प्रवाहापासून तुटल्या आहेत. 1935 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेन यांनी गोमुखाची मोजणी केली. त्यानंतर मुख्य हिमनदीचे मुखही एक किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे.

म्हणून मला ही नावे दरीच्या दप्तरातल्या जुन्या नोंदींसारखी वाटतात. कुठे काय होते, ते त्या सांगतात. आज काय उरले आहे, ते आपण जाऊन पाहायचे असते. ही तफावत वाचता येणे हीसुद्धा तीर्थयात्राच आहे, असे मी मानतो.

गोमुखाला जाणाऱ्यांच्या रोजच्या संख्येवर वनविभागाने मर्यादा घातली आहे. ती जाचक मानू नका. परवाना घेऊन जा, नेलेला कचरा परत आणा आणि बर्फाच्या कड्यापासून दूर उभे राहा.